पार्किन्सन आणि पेशींचं रोपण : कुठल्या पेशी, आणि त्या निवडतं कोण?

हुपरीचा_कारागीर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं मिसळीच्या धाग्यांवर भांडायला येतो, आज कामाचं विचारायचंय.

आमचे आबा, वय ६७. हुपरीत चाळीस वर्षं पैंजण घडवले. नऊ वर्षांपूर्वी घुंगराला डाग देताना उजवा हात थरथरायला लागला. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. निघालं पार्किन्सन. आता लेव्होडोपाची (मेंदूत गेल्यावर डोपामिन होतं ते औषध) गोळी दिवसातून पाच वेळा. चढायला पाऊण तास घेते, अडीच तासांत उतरते. उतरली की खुर्चीतून उठवायला दोघं लागतात. चढलेली असते तेव्हा अंग आपसूक डुलत राहतं.

मागच्या आठवड्यात एका पाहुण्यानं एका क्लिनिकचा नंबर दिला. (नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही.) तिथला माणूस म्हणाला, पोटाच्या चरबीतून 'स्टेम सेल' काढणार, सलाईनमधून परत सोडणार, तीन बैठका, साडेचार लाख. पुरावा म्हणून जपानमधल्या यशाची बातमी पाठवून दिली.

माझा प्रश्न साधा आहे. जपानात घातल्या त्या पेशी आणि ह्या चरबीतल्या पेशी एकच का? नसतील तर कुठली पेशी घालायची हे ठरवतात कशावरून? आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या पेशींचा टंच किती?" तेव्हा हसलो. पण झोप काही आली नाही.

तांबडा_पांढरा

आबांना दंडवत. धागा राहू दे बाजूला, प्रश्नच काटा किर्र आहे.

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : टंच म्हणजे चांदीची शुद्धता. हुपरीत पोरगं आधी टंच शिकतं, मग पाढे.)

वैद्य_गंगावेशकर

खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतो. कंपवातावर आपल्याकडं पूर्वापार वापर आहे. पेशीबिशीच्या नादाला लागण्याआधी तेही बघावं.

फॅमिली_डॉक्टर

वैद्यबुवा, असतो हे खरं. म्हणूनच सांगतो, आबा आधीच पाच वेळा लेव्होडोपा घेतायत. वरून न मोजता खाजकुइलीचं चूर्ण घेतलं तर डुलणं वाढेल. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको.

धागाकर्ते, मूळ प्रश्नाचं एका शब्दात उत्तर : नाही. त्या पेशी एक नाहीत. चरबीतल्या किंवा अस्थिमज्जेतल्या पेशी, ज्यांना मेसेन्कायमल म्हणतात, त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी होते. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन, बनवणारी पेशी त्यांच्यातून भरवशानं तयार होते असं कुणी दाखवलेलं नाही. आणि शिरेतून सोडल्या की बहुतेक आधी फुप्फुसातच अडकतात. निघायचं पन्हाळ्याला आणि उतरायचं शिरोलीच्या नाक्यावर, तसला प्रकार.

शंकासुर

म्हणजे गोऱ्यांनी, जपान्यांनी केलं की संशोधन आणि आपल्या माणसानं केलं की फसवणूक. चालू द्या.

फॅमिली_डॉक्टर

@शंकासुर, फरक कातडीचा नाही, पावतीचा आहे. आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. रक्ताचे काही आजार सोडले तर आपल्याकडं स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. बाकी जे करायचं ते नोंदणी केलेल्या चाचणीतच, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. साडेचार लाख मागितले तिथंच विषय संपला.

पेशीवाली

उशिरा आलो. माझं कामच पेशी वाढवायचं आहे (पुण्यात, पार्किन्सनवर नाही, पण पद्धती त्याच), म्हणून जरा लांबण लावतो.

आधी काय हरवलंय ते बघू. मेंदूच्या मध्यभागात, म्हणजे मध्यमेंदूत, खालच्या बाजूला काळसर पट्टा असतो, सबस्टॅन्शिया नायग्रा. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि लांब धागे पाठवून वर स्ट्रायटममध्ये, हालचाल सांभाळणाऱ्या भागात, पोचवतात. पार्किन्सनमध्ये ह्याच मरतात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याच्या आसपास गेलेल्याच असतात. म्हणजे भरून काढायची आहे ती ठरावीक जातीची पेशी. "मेंदूची पेशी" एवढं सांगून भागत नाही. "डोपामिनची पेशी" एवढंही पुरत नाही, कारण मध्यमेंदूत डोपामिनच्या दोन मोठ्या वसाहती शेजारी-शेजारी आहेत. हालचाल सांभाळणारी मुख्यतः एक, जिला ए९ म्हणतात.

ही पेशी आणायची कुठून? आज दोन मोठे मार्ग. पहिला, भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या पेशी. दुसरा, मोठ्या माणसाच्या रक्ताच्या नाहीतर कातडीच्या पेशीला मागं नेऊन पुन्हा 'कोरी' करायची, म्हणजे आयपीएस. जपानच्या यामानाका ह्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उंदरात आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशीत हे करून दाखवलं, २०१२ चं नोबेल त्यावर. दोन्ही मार्गांनी हातात येते ती कोरी पेशी. ती तशीच मेंदूत घातली तर गाठ होऊ शकते, कारण तिला अजून काहीही व्हायचं मोकळं आहे. म्हणून प्रयोगशाळेतल्या बशीत तिला वाट दाखवावी लागते : तू मेंदू हो, मेंदूत खालची बाजू हो, खालच्या बाजूला मध्यमेंदू हो. गर्भात हे काम जे रासायनिक निरोप करतात तेच आपण मोजून घालतो. एक निरोप जरा कमी पडला की पेशी पुढच्या मेंदूकडं सरकते, जरा जास्त झाला की मागच्या मेंदूकडं. मागच्या मेंदूत सेरोटोनिनच्या पेशी तयार होतात आणि त्याच घोळ घालतात. त्याबद्दल नंतर.

आबांच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. टंच काढतात. पेशीत कुठली प्रथिनं आहेत ते रंग लावून मोजतात. बरीच वर्षं फॉक्सए२ आणि एलएमएक्स१ए ही दोन दिसली की माल चोख समजायचे. मग लक्षात आलं, ही दोन्ही शेजारच्या सबथॅलॅमसच्या होऊ घातलेल्या पेशींतही असतात! म्हणजे कसोटीवर उतरतंय, पण आहे दुसरंच. २०१७ मध्ये स्वीडनच्या गटानं दाखवलं की मध्यमेंदूच्या मागच्या कडेची खूण, ईएन१ वगैरे, ज्या खेपेत जास्त, ती खेप उंदरात डोपामिनच्या पेशी जास्त देते. तेव्हापासून चाळणी बदलली.

तांबडा_पांढरा

पेशीवाली भाऊ, जबरदस्त. पण "आलो", "लावतो"?

पेशीवाली

भाऊ नव्हे, ताई. शिवाजी पेठेत वाढलो. आमच्याकडं बायका असंच बोलतात, पुण्यात पंधरा वर्षं टोमणे खाऊनही सुटलं नाही.

हुपरीचा_कारागीर

ताई, आबांना वाचून दाखवलं. "कसोटीवर उतरतंय पण आहे दुसरंच" ह्यावर लगेच म्हणाले, "जर्मन सिल्व्हर!" (तांबं, निकेल आणि जस्त. चांदी नावालाही नाही, पण गिऱ्हाईक हमखास फसतं.)

निवृत्त_मास्तर

मी स्वतः रुग्ण. सहा वर्षं झाली. इतिहास शिकवत असे, म्हणून ह्या विषयाचा इतिहास मांडतो. गोळी चढलेली आहे तोवर लिहून घेतो, चुका झाल्या तर चालवून घ्या.

पहिला प्रयत्न १९८२ चा, स्वीडनमध्ये. रुग्णाच्याच मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतल्या पेशी मेंदूत घातल्या. कल्पना चुकीची नव्हती, त्या पेशी डोपामिन बनवतात आणि माणसाच्या स्वतःच्याच असतात. १९८७ मध्ये मेक्सिकोतून मोठ्या यशाची बातमी आली आणि जगभर लोकांनी भराभर शस्त्रक्रिया केल्या. पेशी टिकल्याच नाहीत. धागाकर्ते, पाहुण्यांनी दिलेल्या बातम्यांचा इतिहास एवढा जुना आहे.

त्याच १९८७ साली स्वीडनच्या लुंडमध्ये गर्भपातातून मिळालेल्या, सहा ते नऊ आठवड्यांच्या गर्भाच्या मध्यमेंदूतल्या पेशी घातल्या गेल्या. काही रुग्णांना खरोखर गुण आला, काहींचा तर वर्षानुवर्षं टिकला. मग अमेरिकेत रीतसर चाचणी झाली. निकाल २००१ मध्ये छापून आला. ४० रुग्ण, निम्म्यांना पेशी, निम्म्यांच्या कवटीला नुसतं भोक. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा, वरच्यांना फारसा नाही. आणि काहींना गोळी बंद केली तरी अंग डुलायचं ते थांबेना. २००३ मध्ये दुसरी चाचणी आली, ३४ जणांची, तिच्यात पेशी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांत हे डुलणं दिसलं. त्यानंतर कित्येक वर्षं ह्या विषयाला कुणी हात लावेना.

२००८ मध्ये आणखी एक. रोपण करून ११ ते १६ वर्षं झालेल्यांच्या मेंदूत, नव्या पेशींतसुद्धा पार्किन्सनच्या गाठी, ल्युई बॉडी म्हणतात त्या, सापडल्या. नवीन भाडेकरूलाही घरातली ओल लागली. काही थोड्याच पेशींना लागली होती, हेही सांगितलं पाहिजे.

हात थांबायला लागले. पुढचं ताईंनी सांगावं.

मुग्धा_आर

मास्तर, कवटीला नुसतं भोक?? हे कसं काय चालतं?

निवृत्त_मास्तर

चालतं कारण ह्या आजारात आशेनंसुद्धा डोपामिन वाढतं. मला माझ्या नातीनं नुसतं "आज चांगले चालताय" म्हटलं तरी रंकाळ्याची एक फेरी जास्त होते. ती आशा वजा केल्याशिवाय पेशींचं श्रेय कळणार कसं?

पेशीवाली

मास्तरांनी सोडलं तिथून. गोळीशिवाय अंग का डुललं ह्यावर बरीच वर्षं वाद चालला. एक मोठा संशय सेरोटोनिनच्या पेशींवर. गर्भाचा तुकडा काढताना शेजारचा भागही थोडा येतो. सेरोटोनिनची पेशी डोपामिन उचलते आणि वाटेल तिथं, वाटेल तेव्हा सोडते. २०१० मध्ये दोन रुग्णांच्या स्कॅनमध्ये ह्या पेशी भरपूर दिसल्या. सेरोटोनिन दाबणारं औषध दिल्यावर त्यांचं डुलणं कमी झालं. भेसळ काय करते ते बघा.

शिवाय गर्भ मिळणार किती? एका रुग्णाला तीन-चार तरी लागायचे, तेही योग्य वयाचे, एकाच आठवड्यात. युरोपातल्या ट्रान्सयुरो ह्या चाचणीत माल वेळेवर न मिळाल्यानं कितीतरी शस्त्रक्रिया रद्द झाल्या, शेवटी ११ जणांनाच रोपण झालं. म्हणून सगळे बशीत वाढवलेल्या पेशींकडं वळले. तिथं एकाच साठ्यातून हजारो मात्रा गोठवता येतात आणि प्रत्येक खेप तपासता येते.

भुदरगडी

ताई, एक विचारू? शेतकरी माणूस, चुकलं तर सांभाळून घ्या. ही पेशी घालतात तेव्हा तिचं वय काय असतं? आमच्याकडं तरवा २१-२५ दिवसांचा झाला की लावण. त्याआधी उपटला तर मोड कोवळा, चिखलात बसतो. महिना-दीड महिना उलटला तर फुटवे धरत नाही. पेशीलाही असलं काही असेल की.

पेशीवाली

भुदरगडी, तुम्ही प्रयोगशाळेत या, मी लावणीला येतो.

अगदी हेच आहे. पूर्ण तयार झालेली पेशी घातली तर मरते, कारण तिचे धागे फुटलेले असतात आणि सोडवताना तुटतात. फार कोवळी घातली तर ती वाढतच राहण्याची भीती. मधली लागते, जिचं "मी डोपामिनचीच होणार" एवढं ठरलंय पण धागे अजून फुटायचेत. अमेरिका आणि युरोपातल्या चाचण्यांत साधारण सोळाव्या दिवसाच्या पेशी घेऊन गोठवतात. जपानात, क्योटोमध्ये वेगळं. तिथं बाराव्या दिवसाच्या आसपास कोरिन नावाच्या खुणेनं पेशी वेचतात. कोरिन मध्यमेंदूच्या तळपट्टीतल्या पेशींवर बाहेरून दिसतं, त्यामुळं जिवंत पेशी न मारता यंत्रानं बाजूला काढता येतात. मग त्यांचे बारीक गोळे करून महिन्याच्या आसपास घालतात.

दोन पंथ आहेत म्हणा. एक म्हणतो, वाट इतकी नीट दाखवा की वेचायची गरजच पडू नये. दुसरा म्हणतो, काहीही करा, शेवटी वेचून घ्या. वेचण्यात पेशी वाया जातात, त्यांना धक्का बसतो, खर्च वाढतो. न वेचण्यात भेसळीची धास्ती. मी वेचणाऱ्यांच्या बाजूची.

भुदरगडी

आमच्यात भातासारखंच दिसणारं गवत असतंय. निसवल्यावर कळतंय की भात नव्हतं. तोवर खत खाऊन बसलेलं असतंय. मी पण वेचणाऱ्यांत.

शंकासुर

उपमा छान छान. चांदी झाली, भात झाला, आता ऊस आणा. पण निकाल काय? माणसं बरी झाली का?

पेशीवाली

रास्त प्रश्न. एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात दोन निकाल एकाच वेळी आले.

क्योटो : आयपीएसपासून केलेल्या पेशी, एका निरोगी दात्याच्या. पहिली शस्त्रक्रिया २०१८ ची. सात रुग्ण, वय ५० ते ६९. दोन्ही बाजू मिळून साधारण ५० लाख किंवा १ कोटी पेशी. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम नाही, गाठ नाही. परिणाम सहा जणांत मोजला, त्यातल्या चौघांची गोळी उतरलेली असतानाची हालचाल सुधारली.

अमेरिका-कॅनडा : भ्रूणीय पेशींपासून, बारा रुग्ण. पाच जणांना प्रत्येक बाजूला ९ लाख, सात जणांना २७ लाख. १८ महिन्यांत पेशी सुरक्षित दिसल्या, जास्त मात्रेच्या गटात सुधारणा जास्त.

आता पाणी घालतो. दोन्हींत तुलनेचा गट नाही, सगळ्यांना माहीत होतं की आपल्याला पेशी मिळाल्यात. मास्तरांच्या नातीचा मुद्दा आठवा. म्हणून अमेरिकन पेशींची पुढची चाचणी खोट्या शस्त्रक्रियेसह चालू झाली. आणि घातलेल्या लाखोंपैकी डोपामिनच्या होऊन टिकतात त्या थोड्याच.

मुग्धा_आर

स्वतःच्याच रक्तापासून केल्या तर? शरीर नाकारणार नाही ना?

पेशीवाली

केलंय. २०२० मध्ये एका रुग्णाचा अहवाल आला, त्याच्याच पेशी, २०१७ आणि २०१८ मध्ये एकेका बाजूला. प्रतिकारशक्ती दाबायची औषधं लागली नाहीत. पण प्रत्येक माणसासाठी नव्यानं पेशी करायच्या, नव्यानं टंच काढायचा, बदल झालेत का ते जनुकांत शोधायचं. महिने जातात आणि पैसा विचारू नका. दात्याच्या घेतल्या तर एक वर्षभर तरी औषधं खावी लागतात. क्योटोनं मधला मार्ग म्हणून असा दाता घेतला ज्याच्या ऊतींची खूण बऱ्याच जपानी लोकांशी जुळते. आपल्याकडं इतक्या जाती-जमाती, असा साठा करायचा तर किती दाते लागतील ह्याचा विचार कुणीतरी आत्ताच करायला हवा.

तांबडा_पांढरा

विषयांतर : मास्तर, पांढरा रस्सा चालतो का ह्या आजारात?

निवृत्त_मास्तर

रस्सा चालतो. गोळीबरोबर चालत नाही. मटणातली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यात एकाच दारातून आत जायला भांडतात. मी गोळी घेऊन तासाभरानं बसतो. पहिल्यांदा हे माहीत नव्हतं, भाच्याच्या लग्नात पंगतीत बसल्या जागी दगड झालो होतो. वाढपी आग्रह करतोय आणि मला "नको" म्हणता येईना.

तांबडा_पांढरा

मास्तर, कोल्हापुरात "नको" म्हणून तरी कोण थांबलंय.

निवृत्त_मास्तर

एक मात्र शंकासुरांच्या बाजूनं बोलतो. तुम्ही सगळे "थांबा, चाचणी होऊ दे" म्हणता ते बरोबर आहे, पण थांबायचं आम्ही असतो. साडेचार लाख मागणाऱ्याकडं माणूस जातो तो मूर्ख असतो म्हणून नव्हे. त्याच्याशी अर्धा तास कुणीतरी बोलतं म्हणून जातो. ओपीडीत मला चार मिनिटं मिळतात.

फॅमिली_डॉक्टर

मास्तर, मान्य. त्या चार मिनिटांत मीही असतो.

भर एवढीच : पेशी चांगल्या निघाल्या तरी त्या हालचालीपुरत्या. वास न येणं, बद्धकोष्ठता, विसरणं, ह्यांचं मूळ फक्त डोपामिनमध्ये नाही. आणि पेशींइतकीच रुग्णाचीही निवड होते. गोळीला चांगला प्रतिसाद देणारेच सहसा घेतात. आबांची गोळी चढते तेव्हा ते नीट चालतात, म्हणजे डीबीएस, मेंदूत तार घालून विजेचे झटके देतात ते, त्यांना चालेल का हे विचारण्यासारखं आहे. तो आज उपलब्ध असलेला मान्य उपचार आहे.

हुपरीचा_कारागीर

सगळ्यांचे आभार. काल क्लिनिकला फोन केला. तीन प्रश्न लिहून घेतले होते. घालणार त्यातल्या शेकडा किती पेशी डोपामिनच्या होणार? बाकीच्या कसल्या? आणि शिरेतून सोडलेली पेशी स्ट्रायटममध्ये पोचली हे कशावर दाखवणार?

पहिल्यावर म्हणाला, "सर, ते टेक्निकल आहे." दुसऱ्यावर म्हणाला, डॉक्टर मीटिंगमध्ये आहेत. तिसऱ्यावर पन्नास हजार कमी केले.

आबा शेजारीच बसले होते. स्पीकर चालू होता. म्हणाले, "टंच विचारल्यावर भाव उतरवतोय. ठेव फोन."

गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय, डीबीएसचं विचारतो. शंकासुर, तुमच्यासाठी ऊस आणायचा राहिला.

शंकासुर

रस पाठवा. आणि आबांचं काय होतंय ते इथं लिहा, मी विचारणार आहे.

निवृत्त_मास्तर

गुरुवारी जाताना गोळ्यांच्या वेळा लिहून न्या. कितीला घेतली, कितीला चढली, कितीला उतरली, डुलणं कधी. आत्तापासून रोजची. चार मिनिटांत तो कागद तुमच्यापेक्षा जास्त बोलेल.

हुपरीचा_कारागीर

मास्तर, आबा स्वतःच लिहितायत. जुनी टंचाची वही काढलीय, कोरी पानं होती तिच्यात. तशाच उभ्या रेघा मारून चार रकाने केलेत. अक्षर मुंगीएवढं झालंय, सकाळी मला भिंग घेऊन वाचावं लागलं. पण रकाना चुकलेला नाही.